उंचावरील काम व आधाराचा पट्टा

मृग नक्षत्रापूर्वीचे पंधरा दिवस हे आपल्या बाजारपेठेत छपरांचे दिवस असतात. वखारींवरील फुटके पत्रे बदलणे, पन्हळींतील कचरा काढणे, गळक्या जागी डांबर भरणे ही कामे त्या दिवसांत सर्वत्र चाललेली दिसतात. अलीकडे त्यांत सौर पॅनेल बसविण्याच्या व धुण्याच्या कामाची भर पडली आहे. धान्याचे पोते भिजू नये याची काळजी आपण व्यापारी जितकी घेतो, तितकी ते पोते वाचविण्यासाठी वर चढलेल्या माणसाची घेतो काय, हा प्रश्न सभासद बंधूंपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. २०१४ च्या मे महिन्यात आमच्याच वखारीवर पत्रे बदलण्यास आलेला एक कामगार जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय पडून सरळ खाली फरशीवर आला. जीव वाचला, परंतु कमरेचा मणका मोडल्यामुळे पुन्हा शिडी चढण्याचे त्याच्या नशिबी राहिले नाही. इस्पितळाचा खर्च आम्ही केला व आपले कर्तव्य झाले असे मानले. त्याच्या पत्नीने मात्र इतकेच विचारले, “सावकार, दोर तरी होता का तुमच्याकडं?” दोर होता. तो खाली पोती बांधण्यास लावलेला होता.

श्री उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादास, म्हणजे बेसावधपणास, अग्रस्थान दिले आहे. मारण्याची इच्छा नव्हती एवढ्याने आपण सुटत नाही. पर्युषणात हे प्रवचन आपण दरवर्षी ऐकतो, आणि मे महिन्यात छपराकडे न पाहता ठेकेदारास उक्ते काम देऊन मोकळे होतो.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. आपल्याकडील साधारण वखारीचे छप्पर सोळा फूट उंच धरले, तर तेथून सुटलेला मनुष्य एका सेकंदात जमिनीवर येतो व त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. एका सेकंदात हात पुढे करून काही धरता येईल ही कल्पना व्यर्थ होय. जो आधार मिळावयाचा तो पडण्यापूर्वीच बांधलेला असला पाहिजे.

पूर्वी कमरेस काथ्याचा दोर किंवा चामडी पट्टा बांधण्याची रीत होती व काही ठिकाणी ती अद्याप दिसते. पडलेल्या माणसाचा सारा झटका अशा वेळी पोटावर, बरगड्यांवर व पाठीच्या कण्यावर बसतो. कधी मनुष्य उलटा होऊन पट्ट्यातून निसटतोही. याच कारणास्तव अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणे रोखण्यासाठी केवळ कमरपट्टा वापरण्यास बंदी झाली. त्याच्या जागी आलेला सर्वांगाचा पट्टा, ज्यास बाजारात हार्नेस म्हणतात, तो झटका मांड्या, छाती व खांदे यांवर वाटून देतो. त्याची कडी पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये यावी. मांडीवरील पट्टा इतका आवळावा की आत सपाट हात जाईल, मूठ जाणार नाही. उकाड्यामुळे कामगार मांडीचे पट्टे सोडून केवळ खांद्यावर सांगाडा अडकवितात. तो पट्टा घातला काय अन् न घातला काय, सारखेच.

पट्टा विकत घेतला म्हणजे काम संपले अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि खरी चूक येथेच होते. पट्ट्याची दोरी कशास अडकविली आहे, यावर सारे अवलंबून असते. परांचीचा बांबू, पाण्याचा नळ, पन्हळीचा आकडा, पत्र्याचा बोल्ट यांपैकी काहीही उपयोगाचे नाही. पडणारा मनुष्य थांबतो त्या क्षणी दोरीस बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या अनेक पट असतो. कैचीची मुख्य लोखंडी तुळई, काँक्रीटचा खांब, किंवा जाणकाराने तपासून बसविलेली तार हेच आधार समजावेत.

त्यातही हिशेब आहे, आणि हिशेबाची आपल्या समाजास सवय आहे. झटका शोषणारी पिशवी जोडलेली दोरी साधारण २ मीटर लांब असते. पडताना ती पिशवी उसवत जाऊन आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकते. पाठीच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर, आणि जमिनीपासून एक मीटर राखीव. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे आधाराच्या ठिकाणाखाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. सोळा फूट, अर्थात सुमारे पाच मीटर उंचीच्या छपरावर त्याने पायाशीच दोरी अडकविली, तर पट्टा उत्तम असूनही तो दोरीने थांबण्यापूर्वी फरशीवर पोचेल! तोच आधार डोक्याच्या वर, पावलांपासून दोन मीटर उंच असेल तर हिशेब जुळतो; शिवाय पडण्याचे अंतरच कमी होते. दोरीस गाठ मारून ती आखूड करू नये. गाठीने तिची ताकद पुष्कळ घटते. आखूड दोरीच मागवावी.

छपराची कड, गच्चीचा काठ येथे आणखी सोपा उपाय आहे. दोरी इतकी आखूड ठेवावी की मनुष्य काठापर्यंत पोचूच नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तेथे सारे छप्परच काठ असते. बोल्टांच्या रांगेखाली लोखंडी आधार असतो हे खरे, परंतु तेवढ्या भरवशावर चालणे हे दोरीवरच्या डोंबाऱ्याचे काम. उजेडासाठी घातलेले प्लास्टिकचे पत्रे धुळीने माखले की इतर पत्र्यांपासून ओळखू येत नाहीत. अशा ठिकाणी किमान दोन-तीन आधारांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे व खाली जाळे बांधावे. आणि शक्य तेव्हा खालून परांची बांधून काम करावे, म्हणजे वर चढण्याचीच गरज पडत नाही. मुनिजन ईर्यासमितीने चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. छपरावर भूमीच नसते, ती आपणच आधी अंथरावी लागते.

जाळ्याची कथा सांगण्यासारखी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. मुख्य अभियंते जोसेफ स्ट्रॉस यांनी बांधकामाखाली जाळे ताणविले. त्यात पडून एकोणीस कामगार वाचले व त्यांनी थट्टेने आपले मंडळही स्थापिले. पुढे १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड मचाण तुटून जाळ्यावर कोसळले, जाळे फाटले व दहा जण मृत्यू पावले. जाळे माणसाचे वजन झेलते, मचाणाचे नव्हे. आपल्याकडे काढलेले पत्रे जाळ्यातच टाकून ठेवतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

श्रवणबेळगोळ येथे २०१८ साली झालेल्या महामस्तकाभिषेकास आपल्यापैकी अनेक कुटुंबे गेली होती. भगवान बाहुबलींच्या सुमारे ५८ फूट उंच मूर्तीमागे जर्मन बनावटीच्या लोखंडी परांचीवर मंच उभारला होता. वयोवृद्ध श्रावकही निर्धास्तपणे वर गेले, कारण पायऱ्या व कठडे पक्के होते. पक्का कठडा हा पट्ट्याहून नेहमीच श्रेष्ठ, कारण तो घालण्याची कोणास आठवण ठेवावी लागत नाही. मंदिराच्या शिखरावर ध्वजा चढविताना मात्र आपलीच तरुण मुले धोतराचा काचा मारून अनवाणी कळसापर्यंत जातात आणि खाली जयजयकार होतो. त्यांनाही पट्टा हवा. यात धर्माचा कोणताही अवमान नाही.

पट्टा झिजतो. ऊन, चुना, बॅटरीचे तेजाब यांनी त्याचे धागे कुजतात. शिवण उसवली, कडीस गंज चढला, वा एकदा पडलेला मनुष्य त्याने झेलला, की तो कापून टाकावा. गड्यास ओझी बांधण्यास देऊ नये, कारण तो फिरून छपरावर जातो. तसेच पट्ट्यात लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठून थोड्याच वेळात तो बेशुद्ध पडू शकतो. म्हणून त्यास तत्काळ उतरविण्याची शिडी व माणसे काम सुरू होण्यापूर्वीच सिद्ध असावीत. एकट्याने छपरावर काम करू नये ते यासाठीच.

कामगार पट्टा घालत नाहीत ही तक्रार आम्हीही करीत असू. पुढे कळले की उक्त्या कामात पट्टा अडकविण्यात व सोडण्यात गेलेला वेळ त्यांच्या मजुरीतून जातो. दोन आकड्यांची दोरी वापरावी, एक सोडण्यापूर्वी दुसरा अडकवावा, हे आपण सांगणार आणि त्याची किंमत ते देणार, हे न्यायाचे नव्हे. गेली काही वर्षे छपराचे काम आम्ही रोजंदारीने देतो. तीन दिवसांचे काम चार दिवसांवर जाते. तो चौथा दिवस खतावणीत दुरुस्तीखर्चाखाली न लिहिता वेगळा लिहावा, असे आमच्या मुनीमजींनी सुचविले, आणि तसे आम्ही लिहीत आहोत.