ठाण्याची लोकसंख्या नेमकी किती?

महाराष्ट्राच्या भूगोलावरची ऑनलाइन टिपणं चाळणाऱ्याला एक तक्ता हमखास भेटतो. वर मथळा ‘जनगणना २०११’, खाली सगळे जिल्हे, ठाण्यासमोर १,१०,६०,१४८ आणि पालघरसमोर २९,९०,११६. दोन्ही आकडे अधिकृत आहेत, तरीही तक्ता चुकलेला आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधी तीन वर्षं झालेल्या जनगणनेत वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठही तालुके ठाण्यातच मोजले गेले होते. म्हणजे एक कोटी दहा लाखांत पालघरचे तीस लाख आधीच धरलेले आहेत. आजच्या ठाणे जिल्ह्यापुरतं बोलायचं तर २०११ चा आकडा ८०,७०,०३२ इतकाच होतो. तक्त्यातल्या सगळ्या जिल्ह्यांची बेरीज केली, तर ती राज्याच्या ११,२३,७४,३३३ या लोकसंख्येपेक्षा तीस लाखांनी जास्त भरते. पण ही बेरीज कुणी करत नाही. एका टिपणातून दुसऱ्या टिपणात तक्ता जसाच्या तसा उतरतो आणि प्रत्येक नक्कल त्याला आणखी खरेपणा देऊन जाते. आपल्या राज्याचा इतिहास, भूगोल आणि राज्यकारभार इंटरनेटवरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मला अनुभवाने जे सांगायचं आहे, ते या एका उदाहरणात सगळं आलं आहे. माहिती वाचण्याआधी ती कोणत्या सालची आहे आणि मुळात कोणी गोळा केली, हे पाहावं. ज्या पानावर या दोन गोष्टी सापडत नाहीत, ते पान कितीही देखणं असलं तरी त्यावरून अभ्यास करू नये.

असा आग्रह धरण्याचं कारण या विषयाच्या स्वभावातच आहे. पायथागोरसचा सिद्धांत जुन्या पुस्तकातून शिकला तरी बिघडत नाही. राज्य मात्र सतत बदलत असतं. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. त्याआधी १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं होतं, आणि आजचा सांगली जिल्हा एकेकाळी दक्षिण सातारा म्हणून नोंदला जात होता. याचा थेट परिणाम शोधण्यावर होतो. नंदुरबारचा जुना इतिहास ‘नंदुरबार जिल्हा’ असं टाकून मिळणार नाही. हा जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून निघाला, धुळे म्हणजे पूर्वीचा पश्चिम खानदेश, आणि १९०६ पूर्वी पूर्व-पश्चिम असा भेदच नव्हता, सगळा एकच खानदेश. ही वंशावळ ठाऊक असलेल्या मुलाला गॅझेटिअरचा नेमका खंड उघडता येतो. ज्याला ती ठाऊक नाही, तो शोधयंत्राने पुढे केलेलं पहिलं पान वाचून समाधान मानतो.

इतिहासाच्या बाबतीत धोका वेगळा आहे. इंटरनेटवर सगळ्यात सहज आणि फुकट मिळतात ती स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं, आणि त्यांची स्कॅन केलेली पानं पाहून वाचणारा दबून जातो. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालचा. त्यात शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मधला दिला आहे आणि त्याच्या मागून आलेल्या बऱ्याच ग्रंथांनी तेच साल उचललं. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली ती १९१६ मध्ये. तिच्यातली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद पुढे आल्यावर आणि परमानंदाच्या शिवभारताचा आधार मिळाल्यावर १९ फेब्रुवारी १६३० या तारखेची बाजू भक्कम झाली, आणि कालांतराने राज्य शासनानेही तीच स्वीकारली. ग्रँट डफने हलगर्जीपणा केला असं नव्हे, हे साधनच त्याच्या हाती नव्हतं. म्हणून जुना ग्रंथ उघडताना त्याच्या प्रकाशनानंतर कोणती कागदपत्रं उजेडात आली, हे विचारावं लागतं. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून छापायला घेतली. त्याआधीचं कुठलंही पुस्तक त्या कागदांशिवाय लिहिलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो. कॅम्बेलच्या संपादनाखालचे मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर आणि राज्य स्थापनेनंतर आपल्या दर्शनिका विभागाने काढलेले जिल्हा गॅझेटिअर हे दोन्ही संच ऑनलाइन वाचता येतात. एकोणिसाव्या शतकातली पिकं, आठवडी बाजार, बंदरांतला व्यापार, रस्ते यांसाठी कॅम्बेलचे खंड आजही अमोल आहेत. समाजातल्या जातीजमातींविषयी त्यात जे लिहिलं आहे, ते मात्र राज्यकर्त्या परकीयांनी केलेलं वर्णन म्हणूनच वाचावं. सामाजिक इतिहासासाठी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचं लेखन शासनाने प्रकाशित केलेल्या खंडांच्या रूपात उपलब्ध आहे. त्यांच्याविषयीचे दहा व्हिडिओ पाहण्याऐवजी त्यांचंच एक प्रकरण वाचावं.

मराठी विश्वकोशाचा इथे मुद्दाम उल्लेख करायला हवा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि आता सगळे खंड संकेतस्थळावर आहेत. त्यातल्या जिल्ह्यांच्या जुन्या नोंदींत लोकसंख्या १९७१ ची सापडते. काही जण एवढ्यावरून विश्वकोश कालबाह्य ठरवतात, हे मला अजिबात पटत नाही. आकड्यापुढे कंसात साल दिलेलं असतं. वाचणाऱ्याला फसवू नये याची ती काळजी आहे, आणि नव्या चकचकीत पानांवर नेमकी तीच नसते. भूरचना, नद्या, स्थानिक इतिहास यांची त्या नोंदींतली मांडणी आजही भरवशाची आहे. ताज्या आकड्यांसाठी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ आणि गावपातळीवर जायचं असेल तर २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिका आहेत.

आकडे ताजे असले तरी ते मोजले कसे, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्राला किती लांबीचा समुद्रकिनारा आहे? आपली क्रमिक पुस्तकं ७२० किलोमीटर सांगत आली. केंद्राच्या जुन्या मोजणीत तो सुमारे ६५३ होता, अलीकडच्या फेरमोजणीत सुमारे ८७८ झाला. समुद्राने नवी जमीन दिलेली नाही. मोठ्या प्रमाणाच्या, जास्त तपशिलाच्या नकाशावर मोजलं की खाड्यांची आणि वळणांची लांबी जमेस धरली जाते. हे समजलेला विद्यार्थी तीनही आकड्यांना त्यांच्या जागी ठेवू शकतो, आणि खरं तर नकाशाप्रमाण ही गोष्ट त्याला इथेच नीट कळते. म्हणून भूगोलासाठी माझी पहिली शिफारस भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशांची. ते विभागाच्या नकाशा पोर्टलवर मिळतात. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरची उंची. सह्याद्रीच्या कड्याचं पत्रक उघडलं तर तपकिरी रेषा एकमेकींत मिसळून जाड पट्टा झालेल्या दिसतात. पूर्वेला देशाकडे सरकत जावं तसतशा त्या विरळ होतात. घाट कोणत्या खिंडीतून उतरला, गाव ओढ्याच्या कोणत्या काठाला वसलं, देऊळ कुठे, विहीर कुठे, हे बोटाने दाखवता येतं. कोकण आणि देश यांतला फरक पाठ करण्यापेक्षा असा एकदा पाहावा. मग इस्रोच्या ‘भुवन’वर त्याच जागेचं उपग्रहचित्र लावलं की नकाशानंतर तिथे काय बदललं तेही दिसतं.

राज्यकारभाराच्या अभ्यासात शिळी माहिती सगळ्यात जास्त अंगलट येते. सरपंचाची निवड कशी होते? २०१७ मध्ये ती थेट मतदारांकडून सुरू झाली, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांकडे गेली, २०२२ मध्ये पुन्हा थेट झाली. पाच वर्षांत उत्तर तीनदा फिरलं. या काळात बनलेले व्हिडिओ आणि पीडीएफ अजून जसेच्या तसे फिरत आहेत, त्यांतलं प्रत्येक त्या त्या वेळी बरोबरच होतं. इथे अधिनियमाला पर्याय नाही. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम काढावा, शेवटची दुरुस्ती कोणत्या सालची ते पाहावं आणि मगच टिपण लिहावं. शासन निर्णयांचं संकेतस्थळ मला विद्यार्थ्यांसाठी फार मोलाचं वाटतं. शासन निर्णयाच्या सुरुवातीलाच ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची तारखांसह यादी असते. ती धरून मागे मागे गेलं की एखादी योजना कशी आली, कुठे अडली, कशात बदलली, हा सगळा क्रम हाती लागतो. नागरिकशास्त्राच्या धड्यातला ‘प्रशासन’ हा शब्द तेव्हा कुठे जिवंत होतो. मात्र शासन निर्णयाने अधिनियम बदलत नाही, त्यासाठी विधिमंडळच लागतं, हा भेद पक्का असावा.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. अभ्यासक्रम अफाट, परीक्षा तोंडावर, अशा वेळी अधिनियम आणि जनगणना पुस्तिका कोण वाचणार? आक्षेप खरा आहे आणि सगळं मुळातून वाचा असं मी म्हणतही नाही. पायाभूत वाचन ई-बालभारतीवरच्या पाठ्यपुस्तकांतूनच करावं. ती फुकट आहेत, सोप्या मराठीत आहेत आणि त्यांवर छपाईचं साल असतं. मूळ साधन उघडायचं ते दोन ठिकाणी माहिती वेगळी दिसली तर, किंवा मजकूर आकडा, तारीख, नेमणूक, निवडणूक अशा बदलत्या गोष्टीचा असेल तर. एवढ्याला अभ्यासाचा फार थोडा वाटा लागतो. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. उत्तरपत्रिका तपासणारा जे मानतो तेच लिहावं, मूळ साधन घेऊन काय करायचं? पण लोकसेवा आयोगच पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो, आणि हरकतीला प्रमाणभूत संदर्भ जोडावा लागतो. क्लासच्या टिपणाचं पान तिथे चालत नाही. चॅटबॉट सगळं शोधून देतो, असं आता मुलं म्हणतात. त्याने दिलेलं उत्तर सफाईदार असतं, पण ते कोणत्या सालचं हे बहुधा त्यात नसतं. त्याला संदर्भ मागावा आणि तो संदर्भ स्वतः उघडून पाहावा. मराठी विकिपीडियालाही हीच कसोटी लावावी. लेखाच्या तळाशी संदर्भ असतील तर तो लेख उत्तम वाटाड्या आहे, नसतील तर पुढे जावं.

सरकारी संकेतस्थळं मंद चालतात, कधी बंद पडतात आणि मोबाइलच्या पडद्यावर ती वाचवत नाहीत, ही तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. खेड्यातल्या मुलासाठी हा अडथळा लहान नाही आणि त्याचं खापर मुलावर फोडणं अन्यायाचं होईल. इथे शाळांनी आणि गावच्या वाचनालयांनी पुढे यायला हवं. आपल्या जिल्ह्याचा गॅझेटिअर, जनगणना पुस्तिका, तालुक्याची स्थलनिर्देशक पत्रकं, दोन्ही पंचायत अधिनियम, चालू वर्षाची आर्थिक पाहणी आणि पाठ्यपुस्तकं एवढं एकदा उतरवून एका पेन ड्राइव्हवर ठेवता येतं. फाइलच्या नावातच साल आणि विभाग लिहावा, आणि दर जूनमध्ये, शाळा सुरू होताना, आर्थिक पाहणी आणि अधिनियमांची नवी प्रत जुनीच्या शेजारी ठेवावी. जुनी काढून टाकू नये, कारण काय बदललं ते दोन्ही समोर असल्याशिवाय दिसत नाही.