स्वयंनियमित अध्ययन : चरकोक्त विधी आणि आजचा विद्यार्थी

शिरपूर हे आज औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे गाव झाले आहे. येथील आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेत खानदेशाच्या खेड्यापाड्यांतून विद्यार्थी येतात. त्यांपैकी काही, तसेच परिसरातील आयुर्वेद महाविद्यालयांचे आंतरवासी, अनुभवासाठी आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत उभे राहतात. अशा विद्यार्थ्यास सितोपलादि चूर्णाचा पाठ विचारावा. शर्करा १६, वंशलोचन ८, पिप्पली ४, एला २, त्वक् १, असे तो बिनचूक सांगतो. मात्र प्रमेही रुग्णास कास झाला असता हेच चूर्ण देताना त्याचा हात थांबतोच असे नाही. एकूण ३१ भागांत १६ भाग साखर, म्हणजे निम्म्याहून अधिक, हा हिशेब त्याने स्वतःशी कधी केलेला नसतो. पाठ आहे, प्रश्न नाही. परीक्षेत यामुळे फारसे बिघडत नाही. रुग्णाचे बिघडू शकते.

शिक्षणमानसशास्त्रात ज्यास ‘स्वयंनियमित अध्ययन’ म्हणतात, त्याचा संबंध नेमका येथे येतो. अमेरिकन अभ्यासक बॅरी झिमरमन यांनी त्याच्या तीन अवस्था मानल्या आहेत : अध्ययनापूर्वीचे नियोजन, अध्ययन चालू असतानाचे आत्मनिरीक्षण आणि अध्ययनानंतरचे आत्मपरीक्षण. शिक्षकाने आखून दिलेले तेवढेच न करता ‘मला काय येत नाही’ याचा शोध विद्यार्थ्याने स्वतः घ्यावा, हे त्याचे सार होय.

वैद्यांना हे नवे वाटू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे ज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत. अध्ययनविधीत पहाटे उठून सूत्रांची पुनःपुन्हा आवृत्ती करावी, अर्थात बुद्धीने प्रवेश करावा, आणि हे मध्यान्ही, अपराह्णी व रात्रीही चालू ठेवावे, असे म्हटले आहे. या परिश्रमाचा हेतू म्हणून स्वतःच्या दोषांचा परिहार व इतरांचे दोष ओळखणे सांगितले आहे, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. सुश्रुताचार्यांनी तर अर्थावाचून पाठ करणाऱ्यास चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली. (आजच्या मार्गदर्शिकांचे ओझे चंदनाचेही नसते!)

केवळ पुनर्वाचन व स्मरणाचा प्रयत्न यांत काय भेद आहे, हे रोडिगर व कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात दिसते. विद्यापीठीय विद्यार्थ्यांपैकी काहींनी उतारा दोनदा अभ्यासला. काहींनी एकदा अभ्यासून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुनर्वाचन करणारे सरस ठरले, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के व दुसऱ्या गटास ५६ टक्के आठवले. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले वाचन विद्यार्थ्यास फसवते ते असे : त्या क्षणी सर्व येते आहे असेच वाटते.

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार आयुर्वेद पदवीचे अध्ययन प्रत्येकी १८ महिन्यांच्या तीन टप्प्यांत होते व त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. हे वर्ष पुष्कळसे पुढील प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत जाते, असे आमचे निरीक्षण आहे. त्याबद्दल विद्यार्थ्यास दोष देणे सोपे आहे. पण औषधालयात त्यास केवळ पुड्या बांधावयास लावणारे आपणही आहोत.

आम्ही सुचवितो ते साधे आहे. दिवसारंभी विद्यार्थ्याने एका वहीत तीन द्रव्यांची नावे लिहावीत व ग्रंथ न उघडता त्यांचे रस, वीर्य, विपाक मांडावेत. उदाहरणार्थ, त्रिकटु. तिन्ही द्रव्ये कटुरसात्मक. परंतु शुंठी व पिप्पली यांचा विपाक मधुर, तर मरिचाचा कटु. येथे अडखळल्यास ग्रंथ पाहून चूक लाल शाईने नोंदवावी, आणि आठ दिवसांनी तेच पान झाकून पुन्हा लिहावे. सायंकाळी त्या दिवशीच्या एका योगाविषयी ‘हा कोणास देऊ नये?’ एवढाच प्रश्न वैद्यांनी विचारावा. उत्तर लगेच सांगू नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते त्यासच शोधू द्यावे. पहिल्या वेळी सितोपलादि घ्यावे.