टक्का विचारतील, हात दाखवा

परीक्षा विभागाच्या खिडकीवर मला आजार काय आहे ते कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "चाळीस आहे का?"

माझ्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर २८ टक्के आहे. बारावीच्या वर्षी संधिवात सुरू झाला. म्हातारपणीचा गुडघेदुखीचा नव्हे, तर शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की वेणीला रबर लावता येत नाही. नंतर हात सुटतो, पण तासभर सलग लिहिलं की मनगट सुजतं आणि अक्षर माझं मलाच लागत नाही. "मग बसत नाही ताई," खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्यांच्या फायलीत लेखनिक आणि वाढीव वेळेबद्दलचं २०१८ चं परिपत्रक होतं आणि ते चाळीस टक्के व त्यावरच्यांसाठीच होतं. त्या सत्रात तीन पेपरांत शेवटचा प्रश्न कोरा राहिला.

तुळजापुरात शिकणाऱ्या, आसपासच्या गावांतून एसटीने येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे, कारण ही अडचण माझ्या एकटीची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चाळीस टक्क्यांची अट आहे ती मुख्यतः आरक्षणासारख्या गोष्टींसाठी. लेखनिक आणि वाढीव वेळ हा वेगळा मामला. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के लागत नाहीत. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. निकालानंतर केंद्र सरकारने १० ऑगस्ट २०२२ ला चाळीसच्या आतल्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अर्जाला जोडायचं ते हे परिपत्रक. मी त्याची प्रत काढून नेली तेव्हा भाऊसाहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे आमच्याकडं आलंच नाही." आता आलं.

पण खरी ग्यानबाची मेख डॉक्टरांच्या कागदात आहे. सोलापूरचे माझे डॉक्टर हुशार, पण त्यांच्या चिठ्ठीत रोगाचं नाव, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्या असं सगळं होतं. हात किती लिहू शकतो ते नव्हतं. परीक्षेला नुसतं रोगाचं नाव पुरत नाही. २०२२ च्या परिपत्रकासोबत दाखल्याचा ठरलेला नमुना आहे, त्यात लिहिण्याला येणारी मर्यादा नोंदवायची असते आणि तो सरकारी दवाखान्यातल्या वैद्यकीय समितीने, म्हणजे मेडिकल बोर्डाने, द्यायचा असतो. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकारी अध्यक्ष, बाकी त्या त्या विषयाचे डॉक्टर. नमुना छापून स्वतः घेऊन जा, तिथे मिळेल या भरवशावर धाराशिव गाठू नका. बोर्डाचा वार आधी फोनवर विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : हा दाखला जास्तीत जास्त सहा महिने चालतो. म्हणजे सत्र बदललं की पुन्हा बोर्ड. संधिवात काही सहा महिन्यांनी पेन्शनीत निघत नाही, हे नियम करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पण २०२२ च्या परिपत्रकातला नियम तोच आहे. म्हणून परीक्षा फॉर्म सुटायच्या आधीच दाखल्याच्या मागे लागा. हिवाळी सत्राला तर विशेष. नवरात्रात तुळजापूर भाविकांनी ओसंडून वाहतं, अश्विनी पौर्णिमेला सोलापूर रस्त्यावर चालत येणाऱ्यांची रीघ असते आणि गाड्या लांबून वळवतात. त्या दिवसांत कुठलंच सरकारी काम ठरवू नका.

घरात आणखी एक बोर्ड असतं. आत्या म्हणाली, "कशाला हात दाखवून अवलक्षण? उद्या स्थळं यायची, तेव्हा हा कागद आडवा येईल." मुलींना हे जास्त ऐकावं लागतं. मी आत्याला आखडलेली बोटं दाखवली आणि म्हटलं, स्थळ आलं तरी ही दिसणारच आहेत.

आता लेखनिक. आपल्याकडे रायटर म्हणतात. २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे, स्वतःचा लेखनिक नेणार असाल तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी खाली लागतं. म्हणजे बी.ए.ला वर्गातली मैत्रीण चालत नाही, ती कितीही जीव लावणारी असो. लेखनिकाच्या शिक्षणाबद्दल लेखी हमी द्यावी लागते आणि ती खोटी निघाली तर नुकसान आपलंच. मी बारावीतल्या धाकट्या बहिणीला घेतलं. पहिल्याच सरावात कळलं की सांगणं ही वेगळी विद्या आहे. हाताने लिहिताना विचार वाक्याच्या पुढे धावतो. सांगताना तो वाक्याच्या शेवटी थांबून वाट बघतो. 'द्विराष्ट्रवाद' तिने 'दोन राष्ट्रवाद' लिहिला. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावून बसा, विशेषनामं आणि पारिभाषिक शब्द आधीच तिच्या हातून लिहून घ्या. परीक्षा घेणारी संस्था लेखनिक देणार असेल, तर त्याला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटता येतं. ती भेट सोडू नका.

वाढीव वेळ तासाला किमान वीस मिनिटं; तीन तासांच्या पेपरला एक तास. कागदावर सोपं, वर्गात नाही. दुपारच्या पेपरची मुलं दारात उभी, पर्यवेक्षकांचं जेवण राहिलेलं आणि आपण मधोमध बसून शेवटचा प्रश्न सांगतोय. लेखनिक असला की बोलणं होतं, म्हणून वेगळी खोली लागतेच. ती तळमजल्यावर, पूर्ण वेळेसाठी आणि दुसऱ्या पाळीला न लागणारी, असं अर्जातच लिहा. घरची एसटी त्या वेळेची नसेल तर तीही सोय आधीच बघून ठेवा.

मधुमेहाच्या मुलांचं वेगळं. टाइप १ मधुमेह दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नाही, पण म्हणून साखर कमी झाली तर घेरी यायची थांबत नाही. 'नीट' आणि 'जेईई'च्या सूचनांप्रमाणे अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंद आणि पारदर्शक पाण्याची बाटली नेऊ देतात. कॉलेजकडे अर्ज करताना त्या सूचनांचा दाखला द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि मंजुरी लेखी घ्या. तोंडी "चालतंय की" म्हणणारे सर त्या दिवशी पर्यवेक्षक असतीलच असं नाही.

हे सगळं पेपरच्या आधी का, तर गेलेला तास परत मिळत नाही म्हणून. 'नीट'ला बसलेल्या, लेखनाची अक्षमता असलेल्या एका मुलीला हक्काचा एक तास दिलाच गेला नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. दुसऱ्या मार्गाने भरपाई होते का ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने पाहावं, असं सांगितलं. एवढं मोठं न्यायालय आणि तरी तेवढंच.

म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितलं की नकाराचा आवाज खाली येतो. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते. त्यापुढे जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

माझी बहीण यंदा बी.ए.ला गेली, त्यामुळे आता ती चालत नाही. शेजारचा अकरावीतला मुलगा तयार झाला आहे. अक्षर बरं आहे, फक्त जोडाक्षरांवर अजून काम करायचंय.