साहिबजानच्या शेजारणींची रेकॉर्ड

प्रश्न : मामांचं जुनं घर रिकामं करताना कपाटात ‘पाकीजा’च्या दोन लाँगप्ले रेकॉर्ड सापडल्या. एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. दुसरीच्या कव्हरवर ‘पाकीजा रंग बरंग’ असं आहे आणि तिच्यातलं एकही गाणं सिनेमात पूर्ण ऐकल्याचं आठवत नाही. ही गाणी कुठून आली? ऐकून झाल्यावर घरात वादच सुरू झाला. मामा म्हणतात, हाच खरा खजिना, ही सिनेमात घ्यायला हवी होती. आमचे हे म्हणतात, गाळली ती काही उगाच नाही. मुलीचं म्हणणं, सिनेमात नाही त्या गाण्याला सिनेमाचं गाणं म्हणायचंच कशाला? तुम्ही कोणाच्या बाजूचे? शिवाय दोन्ही रेकॉर्डना खरखर आहे, त्यावर काही उपाय?
— एक वाचक भगिनी, लालबाग, बुऱ्हाणपूर

उत्तर : ताई, पत्र वाचलं आणि संध्याकाळची बाकीची कामं बाजूला ठेवली. ‘रंग बरंग’ अजून कोणाच्या तरी घरात वाजते आहे आणि तिच्यावरून भांडण होतं आहे, याचा मला फार आनंद झाला.

आधी ती कुठून आली ते सांगतो. दिग्दर्शक कमाल अमरोहींनी ‘पाकीजा’चा मुहूर्त केला 1956 साली आणि सिनेमा पडद्यावर आला 4 फेब्रुवारी 1972 रोजी. मधल्या काळात काय काय झालं! सुरुवात कृष्णधवल होती, मग रंग आला, मग सिनेमास्कोप. नायिका मीनाकुमारी आणि तिचे पती अमरोही वेगळे झाले, काम वर्षानुवर्षं बंद पडलं. जर्मनीहून येऊन बॉम्बे टॉकीजमध्ये नाव कमावलेले छायालेखक जोसेफ विर्शिंग 1967 मध्ये गेले. आपल्या खंडव्याचे अशोककुमार आधी नायक म्हणून ठरले होते, ते शेवटी नायिकेचे वडील झाले. (बुऱ्हाणपूर तेव्हा खंडवा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे दादामुनी पडद्यावर आले की इथली जुनी माणसं जरा ताठ बसत.) आणि संगीतकार गुलाम मोहम्मद सिनेमा पूर्ण झालेला न पाहताच 1968 च्या मार्चमध्ये वारले.

गुलाम मोहम्मद हे मूळचे बिकानेरकडचे. तबला-ढोलकीवर बसलेला हात, आणि कित्येक वर्षं नौशादांचे सहायक. स्वतंत्रपणे केलेल्या कामात ‘मिर्झा गालिब’ हा त्यांचा मानाचा तुरा. आपल्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्याच्या पुढच्याच वर्षी ते या सिनेमाला मिळालं. ‘पाकीजा’साठी त्यांनी पंधराच्या आसपास गाणी बांधून ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. सिनेमात त्यांची सहा राहिली. पार्श्वसंगीताचं काम नौशादांनी पुरं केलं आणि कोठ्यांवरून ऐकू येणाऱ्या ठुमऱ्यांचे तुकडे राजकुमारी, वाणी जयराम आणि परवीन सुलताना यांच्याकडून गाऊन घेतले. म्हणून पहिल्या रेकॉर्डवर दोन संगीतकारांची नावं दिसतात. गीतकार तर चार : कैफी आझमी, मजरूह सुलतानपुरी, कमाल अमरोही आणि आपल्याच राज्यातले कैफ भोपाली. गाळलेली गाणी एचएमव्हीने 1977 मध्ये एकत्र करून जी लाँगप्ले काढली, ती तुमच्या मामांकडची ‘रंग बरंग’.

आता वादाकडे वळू. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं खरं आहे असं सांगून मी सुटका करून घेऊ शकलो असतो, पण मला तसं वाटत नाही. मी मामांच्या बाजूचा आहे, फक्त त्यांचं अर्धं वाक्य मला मान्य नाही.

एक प्रयोग करून पाहा. पहिली रेकॉर्ड लावा आणि प्रत्येक गाण्यापुढे कोणाचं नाव आहे ते बघा. सिनेमातली ती सहाही गाणी लता मंगेशकरांची आहेत. एकात रफीसाहेब सोबतीला, बाकीच्यांत त्या एकट्याच. याचं कारण उघड आहे. ती नायिकेची, म्हणजे साहिबजानची, गाणी आहेत. मीनाकुमारीच्या मनातलं जे काही आहे ते एकाच गळ्यातून आलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला ती बाई एक वाटणार नाही. मग ‘रंग बरंग’ पलटून पाहा. लताबाई आणि रफी तिथेही आहेतच, पण त्यांच्या शेजारी शमशाद बेगम आहेत, सुमन कल्याणपूर आहेत, शोभा गुर्टू आहेत. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, शिरोडकरांकडच्या. पुढे ज्यांना देशाने ठुमरीची सम्राज्ञी म्हटलं, त्यांनी सिनेमासाठी गळा लावला तो या ‘पाकीजा’पासून. शमशाद बेगम यांचा आवाज तर 1977 साली लोक जवळजवळ विसरले होते. तो भरदार, मोकळा, जराही न लाजणारा आवाज या रेकॉर्डमधून अचानक समोर येऊन उभा राहतो, तेव्हा मला दर वेळी दचकायला होतं.

साहिबजान ज्या बाजारात राहते तिथे समोरच्या सज्जात, बाजूच्या कोठ्यात आणखी कितीतरी बायका नाचत-गात असतात. सिनेमात त्या दिसतात, पण ओझरत्या. त्यांचं गाणं ऐकू येतं तेही अर्ध्या ओळीचं, दुरून आल्यासारखं. ‘रंग बरंग’ ऐकताना मला त्या बायका पुढे आल्यासारख्या वाटतात. प्रत्येकीला आपलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायला मिळालं आहे. पहिली रेकॉर्ड साहिबजानची, दुसरी तिच्या शेजारणींची, असं मी मनाशी धरून चाललो आहे. कंपनीने असा विचार करून ती काढली असं मी म्हणत नाही. शिल्लक होतं ते एकत्र आलं. पण एकत्र आल्यावर त्याचं हे असं काहीतरी झालं आहे.

म्हणूनच मामांचं दुसरं अर्धं वाक्य, की ही सिनेमात घ्यायला हवी होती, ते मला पटत नाही. घेतली असती तर साहिबजान गर्दीत हरवली असती. 1932 च्या ‘इंद्रसभे’त सत्तरच्या आसपास गाणी होती म्हणतात. तो काळच निराळा होता, लोक गाणी ऐकायलाच जात. 1972 चा प्रेक्षक गोष्ट पाहायला येत होता. अमरोहींनी कात्री लावली ती सिनेमाच्या भल्यासाठी, असं मी मानतो.

पण म्हणून तुमच्या यजमानांचं बरोबर ठरतं का? नाही. गाळलं म्हणजे हलकं, हा हिशेब गाण्याला लागू होत नाही. आपल्या ‘संगीत सौभद्रा’चं उदाहरण घ्या. 1882 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यात शंभरावर पदं होती. आज तीन तासांच्या प्रयोगात ती सगळी कोण गाणार? कितीतरी पदं सुटतात. पण सुटलेलं पद कोणी बैठकीत म्हटलं तर आपण त्याला सौभद्रातलं पद म्हणतोच. इथेच तुमच्या लेकीला उत्तर मिळेल. गाणं ज्या कथेसाठी, ज्या पात्राच्या तोंडी घालायला बांधलं गेलं, त्या कथेचं ते असतं. पडद्यावर पोचलं नाही तरी त्याचं गोत्र बदलत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या घरच्या मतदानात धरली गेली नसावी. पहिल्या रेकॉर्डमधलं गाणं आपण कधीच एकटं ऐकत नाही. सुई टेकली की पाठोपाठ झुंबरं येतात, कारंजं येतं, मीनाकुमारीचे पाय येतात. तो रात्रीचा मुजरा संपताना लांबून येणारी आगगाडीची शिट्टी आठवा. तुम्ही लालबागेत राहता, स्टेशन जवळ. इटारसीकडे जाणारी गाडी मध्यरात्री शिट्टी देऊन निघते तेव्हा तुम्हाला त्या गाण्याची आठवण होत नसेल, असं होणारच नाही. अशा गाण्याशी ‘रंग बरंग’मधल्या गाण्याची तुलना करणं म्हणजे भरल्या घरातल्या माणसाची तुलना प्रवासात एकट्या भेटलेल्या माणसाशी करणं. त्या गाण्यांपाशी चित्र नाही, आठवण नाही, आहे ती फक्त चाल आणि आवाज. चार-पाच वेळा डोळे मिटून ऐकल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

श्रोत्यांची मतं कशाकशाने बदलतात हे ‘पाकीजा’इतकं दुसऱ्या कुठल्या सिनेमाने दाखवलं नसेल. पहिल्या आठवड्यांत त्याला प्रतिसाद बेताचाच होता. 31 मार्चला मीनाकुमारी गेली आणि थिएटरांवर रांगा लागल्या. तीच गाणी, तेच पडदे, पण ऐकणारे कान शोकाचे झाले होते. बिनाका गीतमालेत त्या वर्षीचा पहिला नंबर मात्र राहुलदेव बर्मन यांच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या गाण्याने पटकावला. गीतमालेचं गणित दुकानांतली रेकॉर्डविक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांचा कौल यांवर चालत असे, आणि तो कौल तरुणांचा होता. फिल्मफेअरने त्या वर्षीच्या संगीताचं पारितोषिक ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन यांना दिलं. तेव्हा ‘बेईमान’मधल्याच भूमिकेसाठी स्वतःला मिळालेलं पारितोषिक प्राण यांनी नाकारलं. त्यांचं म्हणणं एकच होतं : हा मान गुलाम मोहम्मद यांचा होता. एका मृत संगीतकारासाठी, ज्याच्याकडून काही मिळण्याची शक्यताच नव्हती, एका श्रोत्याने दिलेलं हे मत आहे. श्रोत्यांच्या मतांची कोणी यादी केली तर मी ते सगळ्यांत वर लिहीन.

आता थोडं आपल्या गावाचं. ‘पाकीजा’ लखनौ-दिल्लीच्या कोठ्यांची गोष्ट सांगतो खरा, पण बुऱ्हाणपूरच्या माणसाला ती परकी वाटू नये. मुमताज महल 1631 मध्ये इथे गेली हे शाळेतलं पोरही सांगतं. पण तापीपलीकडच्या जैनाबादची हिराबाई किती जणांना ठाऊक आहे? औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता तेव्हा तो तिच्यापायी भान विसरला, असं जुन्या फारसी ग्रंथांत नोंदलेलं आहे. ती गाणारी होती. इतिहासात तिचं नाव राहिलं ते ‘जैनाबादी’, म्हणजे आपल्या नदीपलीकडच्या वस्तीवरून पडलेलं. उतावळी नदीकाठच्या महालाला जिचं नाव आहे ती गुलाराही गाणारीच होती, असं इथे सांगतात. या दोघींची नावं राहिली, कारण त्यांच्यामागे एक शहाजादा आणि एक बादशहा होता. त्यांच्या मैफलीत मागे बसून तानपुरा धरणाऱ्या, शेजारच्या दालनात गाणाऱ्या बायकांचं काय झालं? ‘रंग बरंग’ लावली की माझं मन तिकडे जातं. त्या काळी रेकॉर्ड नव्हती. गुलाम मोहम्मद यांच्या कल्पनेतल्या शेजारणी निदान मेणकापडासारख्या काळ्या तबकडीवर उतरल्या आणि तुमच्या मामांच्या कपाटात पन्नास वर्षांच्या आसपास टिकल्या.

उरला खरखरीचा प्रश्न. आधी रेकॉर्डला दोष देऊ नका, सुई पाहा. झिजलेली सुई खाच कुरतडते आणि एकदा कुरतडलेली खाच पुन्हा भरून येत नाही. नवी सुई बसवेपर्यंत दोन्ही रेकॉर्ड वाजवू नका. धूळ काढायला मऊ सुती कापड घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये साध्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाका आणि खाचांच्या दिशेने, गोल फिरवत पुसा. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. सावलीत उभी करून वाळवा. मामांकडे अठ्ठ्याहत्तरच्या जुन्या, जाड, पडल्या की फुटणाऱ्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.

आणि ठेवताना एकीवर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. निमाडचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली लाँगप्ले एका उन्हाळ्यात पापडासारखी वाकडी होते. खालच्या मजल्यावरची, भिंतीला ऊन न लागणारी खोली निवडा.

नवी सुई आली की पहिल्या दिवशी ‘रंग बरंग’ लावा, आणि तिच्यातलंही शमशाद बेगम यांचं गाणं आधी. यजमानांना जवळच बसवा. ऐकून झाल्यावर ते काय म्हणतात, ते मला जरूर लिहून कळवा.