तक्रार साहेबाकडेच

ऋता : मावशी, 'द इन्व्हिजिबल वॉर' मी अर्ध्यावर बंद केला. अमेरिकन कोस्ट गार्डमधल्या त्या मुलीचा जबडा मोडलाय, आणि उपचारांसाठी ती सरकारी फोनवर ताटकळत बसलीय. बघवेना.

मावशी : पुढचं बघच. कर्बी डिकनं २०१२ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या लैंगिक अत्याचारांवर हा माहितीपट काढला, तो नुसत्या हकिकती सांगायला नाही. तक्रार शेवटी कोणाच्या टेबलावर जायची, ते त्याला दाखवायचं होतं.

ऋता : कोणाच्या?

मावशी : कमांडरच्या. तपास लष्कराच्याच यंत्रणा करायच्या, पण खटला चालवायचा की नाही, हे ठरवायचा कमांडर. तो ना वकील, ना न्यायाधीश. आरोपी त्याच्या हाताखालचा, कधी मर्जीतला. काही वेळा तर तोच आरोपी! एका अविवाहित मुलीवर उलट व्यभिचाराचा आरोप ठेवला, कारण अत्याचार करणारा विवाहित होता.

ऋता : मग तोंड उघडणार कोण?

मावशी : थोड्याच. २०१० मध्ये सैन्यात लैंगिक अत्याचाराच्या सुमारे १९ हजार घटना घडल्याचा अंदाज खुद्द संरक्षण खात्याचा. नोंद झाली तीन हजारांच्या आसपास. आणि फक्त बायकाच नव्हेत हं. २०१२ च्या २६ हजारांच्या अंदाजात निम्म्याहून जास्त पुरुष होते. ते तर आणखीच कमी बोलतात.

ऋता : कोर्टात जायचं ना सरळ!

मावशी : गेले की काही पीडित. माजी संरक्षणमंत्र्यांवर दावा लावला. डिसेंबर २०११ मध्ये तो फेटाळला गेला. सैन्याच्या आतल्या कारभारात न्यायालयानं हात घालायचा नाही, हा तिथला जुना दंडक.

ऋता : फिल्मनं काही हललं?

मावशी : तेव्हाचे संरक्षणमंत्री लिऑन पनेटांनी ती पाहिली आणि दोनच दिवसांत खटल्याचा निर्णय घेण्याचा अधिकार कर्नलच्या हुद्द्यापर्यंत वर नेला. माझ्या मते ही मलमपट्टी. साहेब बदलला, साहेबी तीच. सेनेटर कर्स्टन गिलिब्रँडना तो अधिकार कमांडरकडून काढूनच घ्यायचा होता. २०१४ मध्ये त्यांच्या विधेयकाला ५५ मतं पडली, पण हवी होती ६०. पुढे २०२० मध्ये फोर्ट हूड तळावर व्हेनेसा गियेन या सैनिक मुलीचा खून झाला, लोक खवळले, तेव्हा कुठे २०२१ अखेर कायदा झाला. डिसेंबर २०२३ पासून असे खटले चालवायचे की नाही, हे स्वतंत्र लष्करी वकील ठरवतात.

ऋता : म्हणजे कमांडर बाजूला झाला?

मावशी : बलात्कार, खून अशा ठरावीक गुन्ह्यांपुरता. तक्रार करणारीची रजा, तिचं काम, तिचा वार्षिक शेरा अजून वरिष्ठांच्याच हातात आहे.