लहान यंत्र डोळ्याच्या आत कसे पाहते?

सुरतेतील पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. कित्येकांची शेती गावी आहे आणि इकडे घरी साड्यांना टिकल्या, खडे लावण्याचे काम चालते. सुई ओवायची असो की कपाशीच्या पानामागची पांढरी माशी ओळखायची असो, दोन्हींना डोळा शाबूत लागतो.

पूर्वी डोळ्याची आतून तपासणी म्हणजे मोठ्या दवाखान्यात टेबलावरच्या अवजड यंत्राला हनुवटी टेकून बसणे. आता नेत्रशिबिरात हातात मावणारी यंत्रे येतात. कोणी म्हणतो, "एवढ्याशा डबीने काय कळणार?" कोणी म्हणतो, "यंत्राने नंबर सांगितला, आता डॉक्टर कशाला?" दोन्ही समज चुकीचे आहेत. यंत्र कसे चालते हे कळले, म्हणजे त्यावर किती भरवसा ठेवावा हेही कळते.

विहीर आणि आरसा

विहिरीत पडलेली बादली शोधताना आपण आरशाने ऊन आत टाकतो. डोळाही विहिरीसारखाच आहे. त्याची खोली सुमारे २४ मिलिमीटर, तोंड म्हणजे काळी बाहुली आणि तळ म्हणजे दृष्टिपटल. बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला उजेड आल्या वाटेनेच परत फिरतो. तो पाहायला आपण वाकलो की आपलेच डोके उजेडाच्या आड येते. जर्मनीतील हेल्महोल्ट्झ यांनी ही अडचण ओळखली. तिरप्या धरलेल्या काचेवरून उजेड आत टाकून त्याच काचेतून आरपार पाहण्याची युक्ती त्यांनी काढली आणि १८५१ साली ती प्रसिद्ध केली.

दुसरी अडचण चकाकीची. विहिरीच्या पाण्यावर ऊन चमकले की तळ दिसत नाही. तसेच डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर उजेड चमकतो आणि तळाकडून येणारा मंद उजेड त्यात बुडतो. म्हणून फोटो काढणाऱ्या यंत्रात उजेड बाहुलीच्या कडेकडेने, कड्याच्या आकारात आत सोडतात आणि मधल्या मोकळ्या भागातून पाहतात.

यंत्र लहान करताना

डॉक्टर २० डायॉप्टरचे भिंग हातात धरून तळ पाहतात, तेव्हा त्यांना रोग्यापासून हातभर लांब उभे राहावे लागते. डोळ्याची स्वतःची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर. साठाला विसाने भागले की चित्र तिप्पट मोठे दिसते. हेच अंतर डबीत बसवायचे तर अधिक शक्तीचे भिंग घ्यावे लागते. ४० डायॉप्टरचे घेतले तर यंत्र आखूड होते आणि एका नजरेत तळाचा अधिक भाग येतो. पण चित्र दीडपटच मोठे दिसते, आणि भिंग नीट घडवलेले नसेल तर कडा पुसट होतात. एक मिळवायचे तर दुसरे थोडे सोडावे लागते.

मोठ्या दिव्याची जागा आता इवल्याशा एल.ई.डी.ने घेतली आहे. अंधाऱ्या खोलीत बाहुली आपोआप मोठी होते. मग डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात नेम धरायचा आणि क्षणभर झोत सोडायचा. बाहुली आकसण्याच्या आत फोटो निघतो. बंगळुरूच्या फोरस हेल्थ कंपनीचे 'थ्रीनेत्र' हे तळाचे फोटो काढणारे सुटसुटीत यंत्र आपल्याच देशातले आहे.

दोन छिद्रांचा प्रयोग

चष्म्याचा नंबर काढणाऱ्या लहान यंत्रांचे मूळ आणखी जुने आहे. क्रिस्टोफ शायनर या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६१९ साली डोळ्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचा प्रयोग घरी करता येतो. जाड कागदाला सुईने दोन बारीक छिद्रे पाडावीत, मध्ये २ मिलिमीटर अंतर ठेवावे. रात्री चष्मा काढून, कागद एका डोळ्याशी धरून, लांबचा लहान दिवा पाहावा. दिवा एकच दिसला तर दोन्ही छिद्रांतले किरण दृष्टिपटलावर एकाच जागी पडतात. दोन दिसले तर नंबर असण्याचा संभव आहे. आता उजवे छिद्र झाकावे. उजवा दिवा गेला तर नंबर उणे, डावा गेला तर अधिक. (सूर्याकडे मात्र कधीही असे पाहू नये.)

नाशिकमध्ये वाढलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले डॉ. रमेश रासकर यांनी अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेत सहकाऱ्यांसह २०१० साली 'नेत्रा' हे साधन मांडले. त्यातही हेच तत्त्व आहे. मोबाइलच्या पडद्यासमोर लहान भिंगे बसवली आणि डोळा त्यांना लावला की एक लाल व एक हिरवी रेघ दिसते. दोन्ही रेघा बाहुलीच्या वेगवेगळ्या भागांतून आत जातात. त्या एकमेकींवर येईपर्यंत बटन दाबायचे. रेघा किती सरकवाव्या लागल्या, त्यावरून नंबर निघतो. पडद्यावरचे ठिपके जितके बारीक, तितके माप बिनचूक.

एवढ्यावर थांबू नये

नंबर म्हणजे रोगाचे निदान नव्हे. काचबिंदूत नंबर ठीक असूनही नजर कडेने हळूहळू जात असते आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहात दृष्टिपटलावर रक्ताचे ठिपके येतात, तरी बरेच दिवस नीट दिसत राहते. म्हणून आमचे सांगणे असे:

१. शिबिरात यंत्र नंबरचे आहे की तळाच्या फोटोचे, हे विचारून घ्यावे.

२. मधुमेह असल्यास दृष्टिपटलाची तपासणी दर वर्षी करावी.

३. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असल्यास, डोळ्याचा दाब व दृष्टीची नस डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

४. मोतीबिंदू असल्यास फोटो धूसर येतो. "फोटो नीट आला नाही" म्हणजे "डोळा ठीक आहे" असे समजू नये, पुढे दाखवावे.

५. मुलांचा डोळा नकळत जोर लावतो, त्यामुळे नंबर चुकू शकतो. मुलांचा नंबर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घालून तपासून घ्यावा.

६. एकाएकी विजेसारखे चमकू लागले, पडदा आल्यासारखे वाटले किंवा पिकाचे पाते डोळ्याला लागले, तर शिबिराची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरगुती रस किंवा दुकानातून आणलेले थेंब घालू नयेत.

लहान यंत्राने तपासणी आपल्या दारापर्यंत आणली, हा त्याचा मोठा उपकार आहे. दाराबाहेरची पुढची वाट मात्र आपल्यालाच चालायची आहे.