हृदयपेशीतील कॅल्शियमचे दार आणि ऑक्सिडीकरण

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द हल्ली औषधांच्या दुकानापासून चहाच्या पुड्यापर्यंत सर्वत्र भेटतो. ऑक्सिडीकरण म्हणजे गंज आणि गंज म्हणजे नाश, हे समीकरण लोकांच्या मनात, आणि खरे सांगायचे तर आपल्या व्यवसायबंधूंपैकीही अनेकांच्या मनात, पक्के बसले आहे. हृदयाच्या स्नायुपेशीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. तेथील एका प्रचंड प्रथिनाच्या निमित्ताने ती मांडण्याचा हा प्रयत्न. डॉक्टर नसलेल्या वाचकांनीही वाचावे, म्हणून परिभाषा बेताचीच ठेवली आहे.

सिडनी रिंगर यांचे नाव आपण सलाइनच्या बाटलीवर रोज वाचतो. त्यांनी १८८३ साली लंडनमध्ये असे दाखवून दिले की, नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहते. परंतु तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले तर ते लवकरच थांबते. फरक होता नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा. विश्रांत हृदयपेशीच्या आत मुक्त कॅल्शियम अत्यल्प असते. बाहेर ते त्याच्या सुमारे दहा हजारपट किंवा त्याहूनही अधिक. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या कवचातून थोडेसे कॅल्शियम आत शिरते. तेवढ्याने आकुंचन होत नाही. ते केवळ एक दार ठोठावते आणि त्या दारामागील सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या कोठारातून कॅल्शियमचा लोंढा बाहेर पडतो.

या दाराचे नाव रायनोडीन रिसेप्टर. दक्षिण अमेरिकेतील एका झुडपातून मिळणारे रायनोडीन हे कीटकनाशक द्रव्य त्याला घट्ट चिकटते, म्हणून हे नाव पडले. हृदयातील त्याच्या प्रकाराला आरवायआर-२ म्हणतात. चार सारखे घटक मिळून ते बनते. एकेका घटकात सुमारे ५,००० अमिनो आम्ले, आणि एकूण रेणुभार वीस लाख डाल्टनांहून अधिक. प्रत्येक घटकात सुमारे ९० सिस्टीन असतात. सिस्टीनच्या टोकाशी गंधक असते आणि ऑक्सिडीकरणाचा पहिला स्पर्श त्यालाच होतो. दोन गंधके एकमेकांत अडकली की प्रथिनाचा आकार बदलतो. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करतात ते याच रसायनशास्त्राच्या आधारे!

या विषयातील मला सर्वांत उद्बोधक वाटणारा प्रयोग १९९८ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. श्वानांच्या हृदयातील या दाराचा अभ्यास करताना शू, यू, माइस्नर व स्टॅमलर यांना चारही घटक मिळून सुमारे ८४ मुक्त गंधकगट आढळले. त्यांपैकी बारापर्यंत गटांना नायट्रिक ऑक्साइड जोडले गेले की दार क्रमाक्रमाने अधिक उघडे, आणि ते काढून घेतले की पूर्ववत होई. याउलट २० ते २४ गटांचे ऑक्सिडीकरण झाले तरी दारावर परिणाम दिसला नाही! त्यापलीकडे गेले मात्र दार उघडे पडले ते कायमचेच. म्हणजे हे प्रथिन दोन प्रकारचे रासायनिक निरोप वेगवेगळे ओळखते, काही मर्यादेपर्यंत सोसते, आणि मग त्याचा ताबा सुटतो.

पुढे २०११ साली प्रॉसर, वॉर्ड व लेडरर यांनी दाखविले की, निरोगी हृदयपेशी ताणली गेली की एक विकर तेथल्या तेथे किंचित ऑक्सिडंट निर्माण करते आणि ही दारे अधिक संवेदनशील होतात. म्हणजे ऑक्सिडीकरण हा येथे निरोप आहे, गंज नव्हे. मात्र हृदय दुर्बल होते किंवा बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून प्राणवायू एकाएकी परत येतो, तेव्हा हाच निरोप आरडाओरडा बनतो. दार ठिबकू लागते. कोठार रिकामे होत जाते व आकुंचन क्षीण होते. शिवाय अवेळी बाहेर आलेले कॅल्शियम पेशीबाहेर टाकताना एका कॅल्शियमच्या बदल्यात तीन सोडियम आत येतात; आतला धनभार वाढतो आणि एखादा आगंतुक ठोका उमटतो. डिगॉक्सिनच्या विषबाधेतील अनियमित ठोक्यांचे मूळही अशाच अवेळी गळतीत आहे. तेथे मात्र कोठार फाजील भरल्यामुळे ती होते.

मग ऑक्सिडंट शोषून घेणारी गोळी दिली की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. 'होप' या चाचणीत ९,५०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले गेले. २००० साली निष्कर्ष आला की, हृदयविकारात काही लाभ नाही. २००२ च्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त २०,५३६ जणांमध्येही ई, सी व बीटा-कॅरोटीन निष्फळ ठरले. 'होप'च्याच २००५ सालच्या पुढील पाठपुराव्यात तर ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण थोडे वाढलेले आढळले. माझ्या मते कारण उघड आहे. ऑक्सिडंट दाराशेजारी, काही नॅनोमीटर अंतरावर, क्षणभरासाठी तयार होते. ई जीवनसत्त्व मात्र साऱ्या शरीरातील स्निग्ध आवरणांत पसरते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर अशी कॅप्सूल मी लिहीत नाही. तेवढ्याच पैशांत बीटा-ब्लॉकर नियमित घेता येतो, आणि तो या दारावरचा अ‍ॅड्रिनलिनचा मारा खरोखर कमी करतो.

या दारातच जन्मजात दोष असलेली मुलेही असतात. व्यायामात किंवा भावनावेगात ती एकाएकी बेशुद्ध पडतात. अनेकदा फेफरे समजून वर्षानुवर्षे उपचार होतात आणि विश्रांतीतील ईसीजी बिनदोष दिसतो. या आजाराचे आरवायआर-२ शी असलेले जनुकीय नाते २००१ साली उघड झाले. अशा मुलांची व्यायामचाचणी अवश्य करावी, आणि तीही अनुभवी हृदयरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. बीटा-ब्लॉकर पुरेसा न पडल्यास त्यांना फ्लेकेनाइड देतात. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या रुग्णाला मात्र ते देऊ नये. १९८९ सालच्या 'कास्ट' चाचणीत अशा रुग्णांमधील मृत्यू या औषधाने वाढले होते.